राघू करगळ सापडले आहेत

“टोपी काढा बघू, बाबा.”

कंडक्टरबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. टोपी काढायच्या ऐवजी राघूनं ती आणखी खाली ओढली. टोपी त्याच्या मुलाची, दादाभाऊची होती. खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, पुढं हिरवं कणीस छापलेली. सकाळी रतनबाईनं ती नवऱ्याच्या डोक्यावर चढवली होती, दोन पावलं मागं सरून नीट पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, “आता तुमची आई आली तरी वळखायची नाय.”

आई बिचारी कधीच गेली होती. कंडक्टरबाईंनी मात्र आळेफाटा सुटायच्या आत ओळखलं होतं.

“डोस्कं दुखतंय,” राघू म्हणाला.

“नाव काय तुमचं?”

“गेणभाऊ.”

“आडनाव?”

इथं राघू अडकला. नावाची तयारी त्यानं घरून केली होती. आडनाव विचारतील हे रतनबाईच्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्याच्या तर नव्हतंच. तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर कांद्याची रोपं होती. “कांदे,” असं काहीतरी त्याच्या तोंडून निघून गेलं.

“गेणभाऊ कांदे,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर वैजयंती असं नाव होतं. त्यांनी मोबाइल त्याच्या तोंडाशेजारी धरला आणि एकदा मोबाइलकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं. “बाबा, घाबरू नका. आम्ही हाये ना. तुमचं नाव राघू करगळ. तुमी हरवलाय.”

“म्या हरवलेलो नाय!”

“तेच लिवलंय इथं,” मागच्या सीटवरून एक बाई उठून मोबाइलमध्ये डोकावत म्हणाली. “मी हरवलेलो नाय असं त्ये म्हणतील. म्हनलेच की वो!”

सगळी गाडी हळहळली. कुणी पाण्याची बाटली पुढं केली, कुणी राजगिऱ्याचा लाडू. राघूनं लाडू घेतला. तीन वर्षांत तो एवढं शिकला होता की अशा वेळी लाडू नाकारला तरी आजारातच धरतात.

गोष्ट अशी होती की राघू करगळ तीन वर्षांपूर्वी चार तास हरवला होता, आणि तेव्हापासून सापडतच होता.

बेल्ह्याच्या अलीकडं माळावर त्यांची वस्ती. बापाच्या काळी तीनशे मेंढरं होती. आता दादाभाऊ टोमॅटो करतो, आणि राघूपाशी उरली आहेत अकरा. अकरा असली तरी लोकर वाढायची थांबत नाही. दिवाळी उरकली की ती कातरावी लागते आणि कातरीला धार लागते. ती धार लावायला राघू दर वर्षी जुन्नरला जायचा, चांद शिकलगाराकडं. त्याचा बाप चांदच्या बापाकडं जायचा. कातर दुकानात टाकून बाजार करायला निघून जायचं, असा तो व्यवहार नव्हता. धार लागेपर्यंत समोर बसायचं. आपल्या मेंढरांच्या लोकरीचा एक पुंजका घरून न्यायचा, कारण प्रत्येकाच्या कळपाची लोकर वेगळी. चांद कातर सराणीच्या चाकावर फिरवायचा, मग तिच्यानं पुंजका कापून पाहायचा. लोकर ओढली गेली तर अजून धार नाही. तुकडा मुकाट खाली पडला की झालं काम.

कामाला लागायचा अर्धा तास. राघू परतायचा दिवस मावळताना. मधला सगळा वेळ भांडणात जायचा.

भांडण एकाच विषयावरचं आणि पंचावन्न वर्षं चाललेलं. चांदच्या बापानं दुकानात रेडिओ आणला तेव्हा चांद वीस वर्षांचा होता. तो राघूला म्हणाला, “राघ्या, आता जग बदलणार. खरी बातमी घरात आली. आता कुणाला खोटं बोलता येणार नाही.” राघू म्हणाला, “बोलणारा रेडिओत बसून बोलंल.” टीव्ही आला तेव्हा चांद म्हणाला, “आता माणसं एकमेकांची घरं बघतील, दुःख बघतील, भांडणं मिटतील.” राघू म्हणाला, “आमच्या वस्तीवर टीव्हीपायीच भांडणं व्हतात.” मग मोबाइल आला. त्या दिवशी, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी, चांदनं चाकाच्या पायडलवरचा पाय काढून मोबाइल वर धरला होता आणि म्हटलं होतं, “आता बघ. आता या जगात कुणी हरवणार नाही.”

“मानूस जिथं हाय तिथं असतो. डबडं काय करणार?” राघू म्हणाला. त्याचं स्वतःचं डबडं खिशात मरून पडलं होतं. चार्जिंग संपलं होतं.

त्या वादात दुपारची गाडी गेली, नंतरचीही गेली. तिकडं वस्तीवर नात प्रांजल आजोबांना फोन लावून लावून रडकुंडीला आली. ती तेव्हा बारावीला होती. तिच्या मोबाइलवर कुणा दुसऱ्याच हरवलेल्या म्हाताऱ्याचा निरोप आलेला होता. घाईघाईत तिनं तोच घेतला, त्यातलं नाव बदललं, आजोबांचा लाल पागोट्यातला, खांद्यावर घोंगडी टाकलेला फोटो लावला आणि सोडून दिला. बाकीचा मजकूर बदलायचा राहिला. त्यात लिहिलं होतं: ‘यांना विस्मरणाचा आजार आहे. मी हरवलेलो नाही असे ते सांगतील. विश्वास ठेवू नये. बसवून ठेवावे, चहापाणी द्यावे, आणि माणुसकीच्या नात्याने हा निरोप जास्तीत जास्त लोकांना पाठवावा.’

तारीख नव्हती.

साडेसातला राघू शीळ घालत वस्तीवर आला. प्रांजलनं लगेच दुसरा निरोप सोडला, ‘आजोबा सापडले आहेत, आभारी आहोत.’ तो अकरा लोकांनी पाहिला. पहिला दुबईपर्यंत गेला होता.

“सापडल्याची बातमी कोण पुढं धाडतंय, आबा?” प्रांजल तोंड पाडून म्हणाली होती. त्या नंबरवर इतके फोन आले की शेवटी तिनं तो बंदच करून टाकला.

तेव्हापासून राघूला एकटं कुठं जाण्याची सोय उरली नाही. लेण्याद्रीला गेला तर निम्म्या पायऱ्यांवरून चार भाविकांनी त्याला हातावर उचलून खाली आणला. दर्शन राहिलं ते राहिलंच. घोडेगावच्या लग्नात जिलेबीचं ताट पुढं येता येता पंगतीतून उठवला गेला. आळेफाट्याला नुसता चहा प्यायला गेला तर गस्तीच्या गाडीनं दारात आणून सोडला, आणि दोन दिवस वस्तीवरची पोरं त्याला बघायला येत होती. दादाभाऊनं मग हुकूम काढला, “आबा, एकटं भायेर पडायचं नाय. मला लोकांना उत्तरं द्यावी लागत्यात.” मागची दोन वर्षं प्रांजलच त्याला धरून जुन्नरला नेत होती. पण नात घड्याळाकडं बघत बसली असताना भांडायला मजा येत नाही.

यंदा भांडायची शेवटचीच वेळ होती. चांदचे गुडघे गेले होते. मुलगा झीशान आईबापांना भिवंडीला घेऊन चालला होता. आज रविवार, दुपारी चारला टेम्पो येणार होता. “चाक मी शेवटपर्यंत खोलणार नाही,” चांदनं फोनवर सांगितलं होतं. “शेवटची धार तुझ्या कातरीला. पण एकटा ये हां. पोरगी नको.”

प्रांजलची आज परीक्षा होती. दादाभाऊ टोमॅटो घेऊन पहाटेच मार्केटला गेला होता. राघूनं पागोटं पिशवीत कोंबलं, टोपी चढवली आणि निघाला होता.

आणि आता तो राजगिऱ्याचा लाडू खात नारायणगावच्या स्टँडवर उतरवला जात होता.

“ह्याच गाडीनं मला जुन्नरला जायचंय, ताई,” तो दांडा धरून म्हणाला. “तिकीट काढलंय की म्या.”

“काढलंय, खरंय,” वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. “माझे सासरेपण असंच करायचे. तिकीट काढून बसायचे. बसा बरं इथं. कंट्रोलरसाहेब चांगले हायेत.”

कंट्रोलर बहिरू शिंगोटे खरंच चांगला माणूस होता. त्यानं स्वतःची खुर्ची दिली, पंखा त्याच्याकडं वळवला, चहा मागवला. दादाभाऊचा नंबर राघूनं दिला, तो लावला. वाजून वाजून बंद झाला. लिलाव चालू असताना दादाभाऊ फोन उचलत नसे. मग शिंगोट्यानं, बाबांजवळ काही औषधगोळ्या आहेत का म्हणून, पिशवीत हात घातला आणि ओरडून बाहेर काढला.

“आयला! कातर!”

हातभर लांब, काळी, दोन पात्यांची कातर बघून खिडकीपाशी जमलेले दोघेतिघे मागं सरले.

“मेंढरं कातरायची हाय ती,” राघू म्हणाला. “धार न्हाई तिला. धार लावायलाच चाललोय.”

“कुणाला धार लावायची म्हनता?”

“कातरीला, राव!”

शिंगोट्यानं कातर उचलून कपाटावर ठेवली, राघूच्या हाताला लागणार नाही अशी. घड्याळात दीड वाजला होता. राघूनं चहाचा कप खाली ठेवला. त्याला वाटलं, पंचावन्न वर्षं आपण त्या चांद्याला सांगत आलो की डबड्यानं जग बदलत नाही. चांद्या आज चाक खोलून टेम्पोत टाकेल, रस्त्याकडं बघेल, आणि म्हणेल, राघ्या आला नाही.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात सलत होती. मागच्या महिन्यात प्रांजलनं चांदच्या दुकानाची एक छोटी फिल्म काढून मोबाइलवर टाकली होती. अंधारी खोली, फिरणारं चाक, उडणाऱ्या ठिणग्या आणि चांदचे हात. दोन लाख लोकांनी ती पाहिली. कुणी हात जोडले, कुणी बदाम धाडले, अमेरिकेतून कुणीतरी लिहिलं की ही कला जगली पाहिजे. चांदनं राघूला फोन केला होता, लहान पोरासारखा. “दोन लाख, राघ्या! बोल आता!” पुढचा रविवार बाजाराचा. चांद इस्त्रीचा सदरा घालून, चाकाला तेल देऊन दिवसभर बसला. संध्याकाळपर्यंत एकच माणूस आला. त्याला ठिणग्यांसमोर स्वतःचा फोटो काढून हवा होता. कात्री, सुरी, विळी, काही नव्हतं त्याच्याजवळ.

त्या रात्री फोन करून ‘बोल आता’ असं म्हणायची पाळी राघूची होती. त्यानं फोन केला नव्हता.

दोन वाजले. राघू उठून शिंगोट्याच्या टेबलापाशी आला.

“सायेब, एक फोन लावा. माझ्या नातीला. तिचा पेपर सुटला आसंल.”

“लावला व्हता की. निरोपातला नंबर बंद हाय.”

“तो जुना झाला. नवा मी सांगतो.” आणि राघूनं दहाही आकडे न थांबता, मेंढरं मोजावीत तसे, घडाघडा सांगितले.

शिंगोटे पेन हातात धरून त्याच्याकडं बघत राहिला. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसानं शिंगोट्याला स्वतःला येत नव्हतं ते केलं होतं. त्याला बायकोचा नंबरसुद्धा पाठ नव्हता.

“परत सांगा बरं.”

राघूनं परत सांगितले. शिवाय शिंगोट्याच्या कपाटावर मघाशी कातर किती वाजता गेली तेही सांगितलं.

फोन लागला. प्रांजलचा चेहरा मोबाइलवर आला आणि किंचाळला, “आबा! तुमी नारायणगावात? आणि माझ्या बापाची टोपी?”

“ते ऱ्हाऊ दे. ह्यांना सांग मी शाणा हाय.”

प्रांजलनं सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. शिंगोट्यानं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. “ताई, तुमचं पटतंय मला. पण मी इथून ह्यांना सोडलं तरी पुढं जुन्नरच्या स्टँडवर धरतील. सगळ्यांच्या मोबाइलवर तोच निरोप हाय. फोनवर कुणी कायबी बोलंल. लेखी काय असंल तर गोष्ट वेगळी.”

“सापडले म्हणून टाकू का परत?”

“सापडलेलं कोण वाचतंय, पोरी?” राघू म्हणाला.

मग प्रांजल हळूच म्हणाली, “आबा, मग हरवलेलंच ठेवू. वरचं तसंच. फोटो तोच. फक्त पोचवायचा पत्ता बदलू. तुमी सांगा, मी लिहिते.”

आयुष्यभर ज्याला डबडं म्हटलं, त्यात काय लिहायचं ते राघूला सांगायचं होतं. त्यानं घसा साफ केला. टोपी काढली. बोलताना डोक्यावर दुसऱ्याचं काही असू नये असं त्याला वाटलं.

“लिही. हे गृहस्थ दिसल्यास जुन्नरला चांद शिकलगार ह्यांच्या दुकानी पोचवावं. मशिदीच्या मागच्या बोळात. चार वाजायच्या आत. संगं कातर हाय, ती काढून घेऊ नये.”

शिंगोट्यानं कपाटावरची कातर उतरवली.

“पुढं?”

“पुढं...” राघू थांबला. “पुढं लिही, चांदचं दुकान आज बंद व्हणार. ज्याला धार लावायची त्यानं आजच यावं. नुसतं बघायला येऊ नये.”

“लिहिलं.”

“आन् आजची तारीख टाक. लई ठळक.”

त्यानंतर जे झालं त्याला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शिंगोट्याच्या स्वतःच्या मोबाइलवर तो निरोप तीन ठिकाणांहून आला. त्याचा चेहरा उजळला. आता त्याच्याजवळ लेखी होतं. तो बाहेर जाऊन ओरडला, “जुन्नरला कोण चाललंय? बाबांना पोचवायचं हाय! अर्जंट!”

टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन परतणारी एक पिकअप थांबली. चालवणारा जाडजूड, हसऱ्या तोंडाचा.

“बसा, बाबा. आलाय मलाबी निरोप. कातर घेतली का?”

“घेतली. नाव काय तुमचं, पावणं?”

“गेणभाऊ.”

राघूनं त्याच्याकडं चमकून पाहिलं. “आडनाव कांदे तर नाय?”

“नाय ओ, डुंबरे. का?”

“काय नाय. चला.”

बाजाराचा दिवस. जुन्नरच्या वेशीपाशी गर्दीत पिकअप अडकली. शिवनेरी डोक्यावर दिसत होती आणि गाडी हलत नव्हती. चारला दहा कमी. राघू दार उघडून उतरायला लागला, तर गेणभाऊनं त्याचं मनगट धरलं. “नाय नाय. पोचवावं असं लिहिलंय. रस्त्यात सोडावं असं नाय लिहिलं.” त्यानं गाडी तिथंच एका रसवंतीच्या आडोशाला लावली, कातर खांद्यावर घेतली आणि राघूला पुढं घालून गर्दीत शिरला. “सरका, सरका, हरवलेला मानूस हाय!” वाट होत गेली. राघूला लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं.

बोळाच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. कपाट, पलंग, शिलाई मशीन चढवून झालं होतं. आणि टेम्पोच्या पलीकडं, चांदच्या दारात, माणसं उभी होती.

राघूनं मोजली. सात. एका बाईच्या हातात विळी होती, एकाच्या हातात खुरपी. एक मटणवाला सुरा घेऊन आला होता. शिंपीकाम करणारी एक पोरगी दोन कात्र्या रुमालात गुंडाळून उभी होती. आत चाक फिरत होतं. ठिणग्या उडत होत्या आणि चांद मान खाली घालून, बनियनवर, घामाघूम होऊन पायडल मारत होता. झीशान दारात घड्याळाकडं बघत उभा होता, पण बापाला बोलायची त्याची हिंमत होत नव्हती.

“राघूभाऊ आले!” चांदची बायको, सायराबानू, आतून ओरडली. “या, बसा. बसायला काही राहिलं नाही, तेवढं चालवून घ्या. कप दोनच ठेवलेत बाहेर, तुमच्या दोघांसाठी.”

चांदनं मान वर केली. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. “राघ्या! बघ! बघ म्हणतो! जग बदललं की नाही?”

“सात हायेत,” राघू उंबऱ्यावर टेकत म्हणाला. “मागल्या महिन्यात दोन लाख व्हते. सात.”

“सात ते सात! पण हातात सुऱ्या घेऊन आलेत!”

“सुऱ्या घेऊन आले तर मानसं पळून जात्यात, जग नाय बदलत.”

मटणवाला खदखदून हसला. गेणभाऊ जायचं सोडून भिंतीला टेकला. त्याला एवढं कळलं की इथं काहीतरी बघण्यासारखं आहे.

“तूच लिहिलंस ना तो निरोप?” चांदनं खुरपी चाकाला लावत विचारलं. “नुसतं बघायला येऊ नये, म्हणे. हे तुझंच बोलणं. तूच लिहिलंस. त्या डबड्यात!”

“नातीनं लिहिला.”

“तू सांगितलास.”

राघू पिशवीत लोकरीचा पुंजका शोधायला लागला. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा त्यानं भांडण अर्धं सोडलं. चांद एवढा खूश झाला की त्याचा पाय चाकावर दुप्पट वेगानं चालायला लागला. त्याचे गुडघे दुखत असणार हे राघूला दिसत होतं. चांदच्या स्वतःच्या ध्यानात मात्र ते आलं नव्हतं.

एकेक करून विळी गेली, खुरपी गेली, कात्र्या गेल्या. मटणवाल्यानं सुऱ्यावर अंगठा फिरवला आणि चांदच्या खांद्यावर हात ठेवला. मग बोळ रिकामा झाला. झीशान म्हणाला, “अब्बा...” आणि सायराबानूनं त्याला डोळ्यानं गप्प केलं.

“आण,” चांद म्हणाला.

राघूनं कातर दिली. पिशवीतून लोकरीचा पुंजका काढून गुडघ्यावर ठेवला. चांदनं एक पातं लावलं, मग दुसरं. घाई केली नाही. चाकाचा आवाज बारीक होत गेला. एकदा पुंजका कापून पाहिला तर लोकर थोडी ओढली गेली. “अजून,” राघू म्हणाला. तो तसं दर वर्षी म्हणायचा. चांदनं पुन्हा चाक घेतलं. दुसऱ्या वेळी लोकरीचा तुकडा मुकाट खाली पडला.

दोघंही तो पडलेला तुकडा बघत राहिले.

चांदनं पायडलवरचा पाय काढला. एरवी तो हातानं चाक थांबवायचा. आज त्यानं हात लावला नाही. चाक आपलं आपणच फिरत राहिलं, हळू होत गेलं, कितीतरी वेळ. सायराबानू चहा घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. चाक थांबल्यावर चांदनं खाली वाकून लोकरीचा तुकडा उचलला आणि बनियनला खिसा नाही हे ध्यानात आल्यावर बायकोच्या हातात दिला. “सदऱ्यात ठेव,” तो म्हणाला.

मग झीशाननं चाक खोलायला पाना घेतला.

चहा पिता पिता राघू म्हणाला, “भिवंडीला फोन लागंल ना?”

“का? कशाला पाहिजे तुला? मानूस जिथं असतो तिथं असतो ना?”

“भांडायला,” राघू म्हणाला.

परतीची गाडी सहाची होती. राघूनं टोपी पिशवीत टाकली आणि पागोटं बांधलं. गाडीत चढला तर समोर वैजयंतीबाई. त्यांनी त्याला ओळखलं आणि त्या हसल्याही, जराशा ओशाळून.

“पोचला होतात ना, बाबा? आला मला निरोप. आमच्या आईनं मुंबईहून धाडला.”

“पोचलो. बेल्ह्याचं एक अर्धं द्या.” त्यांनी तिकीट फाडलं. राघूनं ते घेतलं आणि म्हणाला, “राघू करगळ. सकाळी चुकीचं सांगितलं व्हतं.”

“नाव लागत नाही ओ तिकिटाला.”

“तरी असू द्या म्हायती.”

गाडी जुन्नरच्या बाहेर पडली. शिवनेरीवरचं ऊन उतरलं होतं. राघूनं कातर कापडात गुंडाळून मांडीवर आडवी ठेवली होती आणि तिच्या पात्यावर हात. थोड्या वेळानं वैजयंतीबाई परत आल्या. हातात मोबाइल होता.

“बाबा, एक फोटो काढू? कंट्रोलरसाहेब विचारत होते, नीट निघालात का म्हणून. त्यांच्या जिवाला घोर लागलाय.”

राघूनं पागोट्याचा सुटलेला शेव आत खोचला. कातर थोडी वर धरली, धार दिसेल अशी.

“काढा,” तो म्हणाला. “पण खाली आजची तारीख टाका.”